पंख चौसष्ट, जागा छत्तीस

विमान जमिनीवर असताना, त्याची सगळी चाके टेकलेली असताना आणि त्याचा वेग ताशी सहा किलोमीटर असतानाही ते ‘कोसळू’ शकते, हे ज्ञान मला गेल्या रविवारी रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी झाले. त्याआधी नऊ तास दहा मिनिटे मी बोइंग 777-300ईआर हे विमान एका खंडातून दुसऱ्या खंडात नेत होतो. विमान संगणकातले होते, हे मान्य. पण नऊ तास दहा मिनिटे माझ्या आयुष्यातली होती. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये वेळ चौपट पळवण्याची सोय असते, परंतु ती वापरणाऱ्याकडे आमच्यातली सोवळी मंडळी फारशा बऱ्या नजरेने पाहत नाहीत, म्हणून मी ती वापरली नाही. मी वादळाला वळसा घातला, दर तासाला इंधनाचा हिशेब मांडला आणि शेवटी आडव्या वाऱ्यात, मिनिटाला 140 फूट अशा बेताच्या गतीने खाली आणत, झोपलेले मूल पाळण्यात ठेवावे इतक्या अलगद ते विमान धावपट्टीवर ठेवले. या प्रसंगाला एकच साक्षीदार हजर होता आणि नेमका त्या क्षणी तो चष्मा पुसत होता.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण आठवले की अजून कान गरम होतात. जमिनीवरच्या नियंत्रकाने, म्हणजे त्याच्या ध्वनिमुद्रित आवाजाने, मला ‘गेट बी 22’ दिले. मी पिवळ्या रेघेवर नाकाखालचे चाक ठेवून निघालो, शेवटचे वळण घेतले आणि इमारतीच्या काटकोनी कोपऱ्यातल्या त्या गेटकडे सावकाश सरकू लागलो. एवढ्यात माझ्या उजव्या पंखाने इमारतीच्या बाहेर आलेल्या भिंतीला स्पर्श केला. पडदा काळा झाला. त्यावर ‘विमान कोसळले’ अशी दोनच शब्दांची श्रद्धांजली उमटली आणि सिम्युलेटरने मला, माझ्या विमानासह, जिथून निघालो होतो त्याच धावपट्टीच्या टोकाला, दुपारी साडेतीन वाजता, टाक्या काठोकाठ भरून, पुन्हा उभे केले.

साक्षीदार म्हणजे माझे सासरे. आप्पा चौतीस वर्षे लेखापरीक्षण खात्यात होते. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षे झाली. त्यांच्यातले लेखापरीक्षण मात्र अजून निवृत्त झालेले नाही. त्या रात्री झोप येईना म्हणून ते अकराच्या सुमारास माझ्या मागच्या खुर्चीत येऊन बसले होते आणि दीड तासात त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “यात मध्ये कुठे थांबता येत नाही का?” त्यावर मी नाही म्हणालो होतो आणि त्यांनी मान डोलावली होती. काळा पडदा दिसताच मात्र त्यांनी चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली. खुर्ची ओढण्याचा तो आवाज पूर्वी अनेक कार्यालयांनी ऐकलेला असणार.

“काय झाले?”

“विमान कोसळले, आप्पा.”

“कुठून?”

“कुठूनही नाही. जागच्या जागीच.”

“अपघाताच्या वेळी वेग?”

“माणूस चालतो तेवढा. थोडा जास्त.”

“मग त्याला कोसळणे कसे म्हणता येईल?” आप्पा म्हणाले, आणि मला भरून आले. गेल्या दहा मिनिटांत माझ्या बाजूने उच्चारले गेलेले ते पहिले वाक्य होते. दुर्दैवाने ते शेवटचेही ठरले, कारण पुढच्याच क्षणी त्यांनी मी इंधनाच्या हिशेबासाठी वापरत असलेली वही उचलली, कोरे पान काढले आणि डावीकडे समास आखला.

“जावईबापू, विमान पंखांसकट किती रुंद आहे?”

“64.8 मीटर.”

“हे तुम्हाला निघण्यापूर्वी माहीत होते?”

“अर्थात!” मी किंचित अभिमानाने म्हणालो.

“आणि जागा किती रुंद होती?”

“ती पाहता आली असती.”

“पाहता आली असती,” आप्पांनी माझे वाक्य सावकाश उच्चारले आणि लिहून घेतले, “म्हणजे पाहिली नव्हती.”

येथे वाचकांना थोडी पार्श्वभूमी देणे मला भाग आहे. विमानाला जागा देणे हे दिसते तितके सोपे काम नाही, आणि ते सोपे नाही हे मी आप्पांना त्या रात्री तीनदा सांगून पाहिले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पंखांच्या रुंदीवरून विमानांना ए ते एफ अशी अक्षरे दिली आहेत. 15 मीटरच्या आत ते ए, 24 च्या आत बी, 36 च्या आत सी, 52 च्या आत डी, 65 च्या आत ई आणि 80 च्या आत एफ. विमानतळावरची प्रत्येक जागा अशा एखाद्या अक्षराच्या मापाने आखलेली असते, आणि पंखाचे टोक व शेजारचे विमान किंवा भिंत यांच्यात सी अक्षराला किमान साडेचार मीटर आणि डीपासून पुढे किमान साडेसात मीटर मोकळे ठेवावे लागतात. आता गंमत पाहा. बोइंग 737-800 चे पंख टोकाच्या उभ्या पात्यांसकट 35.8 मीटर भरतात आणि एअरबस कंपनीच्या ए-320 चेही तशा पात्यांसकट तेवढेच भरतात. माझे 777-300ईआर 64.8, ए-350 हे 64.75 आणि जुने 747-400 हे 64.4. सगळ्यांनी एकाच दाराच्या मापाने खांदे बेतून घेतल्यासारखे हे आकडे 36 च्या आणि 65 च्या उंबरठ्याला नाक लावून उभे आहेत. तो योगायोग नव्हे. त्या उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकले, की विमानाला जागा मिळणे अवघड होते. बिचाऱ्या 757 चे पंख 38 मीटरच आहेत, पण त्या दोन मीटरांपायी त्याला सी सोडून डीमध्ये जावे लागले. 747-8 हे 68.4 मीटरांचे झाल्यामुळे आपल्याच थोरल्या भावाच्या जागेवर हक्काने उभे राहू शकत नाही. एवढा मोठा ए-380, पण त्यानेही 80 मीटरांच्या चौकोनात मावण्यासाठी पंख 79.8 वर आवरते घेतले.

हे सगळे मी आप्पांना तळमळीने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे विमान बनवणाऱ्यांनी जागेचा विचार केला होता?”

“हो.”

“जागा आखणाऱ्यांनी विमानाचा विचार केला होता?”

“हो.”

“मग या सगळ्या व्यवहारात विचार न करणारा कोण राहिला?”

मी उत्तर दिले नाही. माझ्या मौनाचीही नोंद झाली असावी, कारण त्यांचे पेन हलताना मला दिसले.

सिम्युलेटरमधली जागा ही खऱ्या जागेहून कितीतरी सोप्या बुद्धीची असते. एक्स-प्लेन नावाच्या दुसऱ्या एका सिम्युलेटरमध्ये निदान तीच ए ते एफ अक्षरे जागेला चिकटवता येतात. माझ्या सिम्युलेटरमध्ये जागा म्हणजे केवळ एक वर्तुळ असते. त्याचा मध्य, त्याची दिशा आणि त्याची त्रिज्या, एवढ्यावर कारभार चालतो. विमानाच्या पंखांची निम्मी रुंदी त्रिज्येपेक्षा कमी असली की विमान मावले. लांबीचा तिथे प्रश्नच निघत नाही. माझे विमान 73.9 मीटर लांब आहे, म्हणजे रुंदीपेक्षा नऊ मीटर जास्त. पण वर्तुळाला शेपूट नावाची गोष्ट ठाऊक नसते. अधिकच्या चिन्हाच्या आकाराची वस्तू शून्याच्या आकाराच्या जागेत बसवण्याची ही कल्पना ज्याला सुचली, त्याने आयुष्यात कधी ट्रंकेत छत्री ठेवून पाहिली नसावी.

आप्पांना वर्तुळ मात्र फार आवडले. त्यांनी वहीत एक वर्तुळ काढले, त्यात मध्यभागी एक उभी रेघ मारली आणि म्हणाले, “निम्मी रुंदी किती? 32.4. बी 22 हे लहान विमानांचे गेट आहे, असे तुम्ही म्हणता. तिथे त्रिज्या किती हवी?”

“18 मीटर.”

“32.4 वजा 18. बाहेर 14.4. दोन्ही बाजूंना मिळून 28.8 मीटर अतिक्रमण.” त्यांनी त्या आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. “आणि भिंत रेघेपासून किती अंतरावर आहे?”

मी संगणकावर मोजले. “पंचवीस मीटर.”

“म्हणजे 7.4 मीटर पंख इमारतीच्या आत. आत कोणी होते का?”

“आप्पा, ती इमारत पोकळ आहे. आत कोणीच नसते.”

“उतारूंची वाट पाहणारे नातेवाईक?”

“नसतात.”

“बरे. विमानात उतारू होते?”

इथे मी गाफील राहिलो. अपघाताचे गांभीर्य कमी करावे, या भाबड्या हेतूने मी म्हणालो, “छे! उतारूही नसतात. सगळे विमान रिकामेच असते.”

आप्पांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिले. मग वहीची मागची पाने उलटली आणि दुपारी तीन वाजता मीच माझ्या हस्ताक्षरात लिहिलेल्या एका ओळीवर बोट ठेवले. तिथे ‘उतारू 300’ असे लिहिले होते. त्याखाली त्यांचे सामानासह वजन होते, आणि त्या वजनावरून काढलेले सुमारे 70 टन इंधन होते.

“हे तीनशे कोण?”

“ते वजनासाठी धरावे लागतात.”

“धरावे लागतात,” आप्पा म्हणाले. “अस्तित्वात नसलेल्या तीनशे व्यक्ती धरून 70 टन इंधन खर्ची टाकले. यांच्या सह्या?” त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे तेज आले, ते मी माझ्या लग्नातही पाहिले नव्हते. चौतीस वर्षांत त्यांनी खोट्या हजेरीपटांवर नाना तऱ्हेची नावे पकडली असतील, पण तीनशे जण एकाच वेळी, एकाच विमानात, घरच्या माणसाच्या हस्ताक्षरात सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. सिम्युलेटरला वजन द्यावे लागते, वजनावरून उड्डाणाचा वेग ठरतो, त्याशिवाय विमान खऱ्यासारखे उडत नाही, असे मी सांगत राहिलो. “खऱ्यासारखे” हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत लिहिला.

मग त्यांनी अनपेक्षितपणे एक खरोखर चांगला प्रश्न विचारला. त्यांनी वही मांडीवर ठेवली, दोन्ही हात पंखांसारखे पसरले आणि मग कोपरांपासून वर उचलून दुमडले. “हे पंख असे करता येत नाहीत का? म्हणजे वाट अरुंद असेल तेव्हा?”

मी आनंदाने खुर्चीत उसळलो. येतात! 777 ची नवी पिढी नेमकी तशीच बेतली आहे. तिचे पंख आकाशात 71.8 मीटर असतात आणि जमिनीवर आल्यावर त्यांची टोके वर दुमडून ते 64.8 वर येतात, म्हणजे विमान पुन्हा त्या ई अक्षराच्या दारातून आत जाते. त्याहून मौजेची गोष्ट अशी, की पहिल्या 777 च्या वेळीही दुमडणाऱ्या पंखांचा पर्याय विमान कंपन्यांपुढे ठेवला होता आणि एकाही कंपनीने तो घेतला नव्हता. मी हे सांगून संपवेपर्यंत आप्पांचे हात अजून दुमडलेलेच होते.

“आणि तुमच्या विमानाचे?”

“माझे जुने आहे. दुमडत नाहीत.”

“मग आनंद कशाचा झाला?” असे म्हणून त्यांनी हात खाली घेतले.

आता मी थोडा चिडलो होतो आणि चिडलेला माणूस थोरामोठ्यांचे दाखले देतो. मी म्हणालो, की खऱ्या वैमानिकांकडूनही हे होते. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर एका ए-380 च्या पंखाचे टोक एका छोट्या प्रादेशिक जेटच्या शेपटीला लागले आणि ते लहान विमान उभ्या जागी गर्रकन वळले. त्या टोकाला किती हात लांब काय आहे, हे मोठ्या विमानाच्या वैमानिकाला कळायचे कसे? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये अशा विमानांना पंखांच्या टोकांसाठी कॅमेऱ्यासारखे साहाय्य असावे अशी शिफारस करताना हेच सांगितले, की 747, 757, 767, 777 आणि ए-380 यांच्या वैमानिकाला आपल्या जागेवरून पंखांची टोके सहसा दिसत नाहीत; पाहायचीच तर खिडकी उघडून डोके बाहेर काढावे लागते.

“तुम्ही काढले होते का?” आप्पांनी विचारले.

“काय?”

“डोके. बाहेर.”

आमच्या बैठकीच्या खोलीत बसून मी डोके कुठून बाहेर काढणार होतो, हा प्रश्न मी विचारला नाही. खरे तर सिम्युलेटरमध्ये एक कळ दाबली की विमान बाहेरून, वरून, मागून, हवे तसे दिसते आणि भिंत स्पष्ट दिसली असती. पण बाहेरून पाहणे म्हणजे कॉपी करणे, असे आमची सोवळी मंडळी मानतात आणि मी त्यांच्यातलाच आहे. ही गोष्ट आप्पांना न सांगण्याइतकी अक्कल तोवर मला आली होती.

स्वतःचा बचाव करण्याच्या नादात माणूस स्वतःच पुरावा हजर करतो, तसे मी केले. चूक माझी नसून मला गेट देणाऱ्याची आहे, हे सिद्ध करण्यासाठी मी विमानतळाची फाइल उघडली. तिच्यात प्रत्येक गेटची एक ओळ असते. मी बी 22 ची ओळ शोधली आणि विजयी मुद्रेने बोट ठेवणार, तोच माझे बोट हवेत थांबले. त्रिज्या 18 नव्हती. ती 40 होती.

“ही तर 40 दिसते,” आप्पा म्हणाले.

“हो.”

“आणि बी 20 ची?”

“40.”

“बी 18? तीही 40. ओळीने सगळ्या चाळीस.” त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. “सगळे आकडे सारखे असले, की ते कोणीतरी एका बैठकीत भरलेले असतात. या फाइलवर शेवटच्या बदलाची तारीख असेल.”

तारीख होती. चार महिन्यांपूर्वीची, रात्री अकरा वाजून बावन्न मिनिटांची. त्या क्षणी मला सगळे लख्ख आठवले आणि आठवले नसते तर बरे झाले असते.

त्याचे असे झाले होते. त्या विमानतळावर माझ्या मापाची चारच गेटे आहेत आणि मी कधीही पोहोचलो, तरी त्या चारांवर कोणीतरी बसलेले असायचे. कोणीतरी म्हणजे कोण? एकदा तिथे सेस्ना 172 नावाचे एक चिमुकले विमान उभे होते. त्याच्या पंखांची रुंदी 11 मीटर. 80 मीटर व्यासाच्या त्या वर्तुळात अशी सात सेस्ना एका रांगेत उभी करून वर तीन मीटर शिल्लक राहतात, आणि तिथे ते एकटे, ऐसपैस, एखाद्या रिकाम्या सभागृहात मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या माणसासारखे बसले होते. कारण माझ्या सिम्युलेटरला जागा देताना ‘मावते का?’ एवढाच प्रश्न विचारता येतो. ‘शोभते का?’ हा प्रश्न तो विचारत नाही आणि ‘मागून येणाऱ्याचे काय?’ हा तर त्याच्या स्वप्नातही येत नाही. खऱ्या विमानतळांवर हा विचार करणारी माणसे असतात. कित्येक ठिकाणी तर एकाच जागेवर तीन रेघा आखलेल्या असतात, जेणेकरून मधल्या रेघेवर एक मोठे विमान किंवा बाजूच्या दोन रेघांवर दोन लहान विमाने उभी राहावीत. माझ्याकडे मात्र सेस्नासाठी सभागृह आणि तीनशे, म्हणजे आप्पांच्या भाषेत शून्य, उतारूंच्या विमानासाठी मालवाहू विमानांच्या पलीकडचा, कुंपणालगतचा कोपरा. तिथे इमारतीतून थेट विमानात नेणारा जेटब्रिज नाही, दिवा नाही. सलग पाच वेळा माझी रवानगी तिथे झाली. सहाव्या वेळी मी विमानतळाची फाइल उघडली आणि बी भागातल्या सगळ्या गेटांची त्रिज्या 40 करून टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरेच कुठले तरी उड्डाण सुरू केले आणि ते विसरून गेलो.

हे मी आप्पांना सांगितले. म्हणजे कबूल केले.

“या बदलाला सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी होती?”

“सक्षम प्राधिकारी मीच आहे, आप्पा. संगणक माझा आहे.”

“म्हणजे अर्जदार तुम्ही, मंजुरी देणारे तुम्ही आणि लाभार्थीही तुम्हीच.” ते इतक्या मायेने हसले की मला घाम फुटला. “आणि पंचवीस मीटरवर भिंत असताना चाळीस मीटरची जागा मंजूर केली. प्रत्यक्ष पाहणी?”

“केली नव्हती.”

खरे सांगायचे तर राग मला इथेच येतो आणि तो अजून गेलेला नाही. चूक माझी होती, हे ठीक. पण जो सिम्युलेटर त्या इमारतीच्या काचेवर मावळत्या सूर्याचे प्रतिबिंब दाखवतो, धावपट्टीवरच्या रबराचे काळे ओरखडे दाखवतो, पाऊस पडून गेल्यावर साचलेले पाणी दाखवतो, त्याला मी भिंतीच्या आत पंधरा मीटर शिरणारे वर्तुळ मांडले तेव्हा एकदाही विचारावेसे वाटले नाही, की अहो, हे काय करता? त्याचे कारण मला माहीत आहे. इमारत हे एक चित्र आहे आणि गेट ही आकड्यांची एक ओळ आहे; दोघांची एकमेकांशी ओळखच नाही. दोघांची पहिली भेट होते ती थेट तुमच्या पंखाच्या टोकावर, आणि तेव्हा मात्र तोच सिम्युलेटर क्षणाचाही विलंब न लावता न्यायाधीशाच्या आवेशात ‘विमान कोसळले’ असा निकाल देतो. चार महिने गप्प बसून चूक होऊ द्यायची आणि झाली की नऊ तासांची शिक्षा ठोठावायची, याला काय म्हणावे? साधा ‘पंख घासला’ असा शेरा चालला नसता का? विमान दुरुस्तीला गेले असते, मी चार दिवस खाली मान घालून दुसरे चालवले असते. पण नाही. माझ्या उड्डाणांच्या नोंदवहीत आता त्या तारखेपुढे ‘अपघात’ असे कायमचे लिहिले गेले आहे, आणि समुद्रात विमान बुडवणाऱ्यापुढे जो शब्द लिहितात तोच शब्द माझ्यापुढेही आहे.

ही तक्रार मी आप्पांपुढे जवळजवळ अशाच शब्दांत मांडली आणि विनंती केली, की त्यांच्या आक्षेपांत एक आक्षेप सिम्युलेटरवरही घ्यावा. दुसरा त्या सेस्नावर.

“ते या परीक्षणाच्या कक्षेत येत नाही,” आप्पा म्हणाले. “आणि त्या लहान विमानाचे म्हणाल, तर ते नियमात आहे. त्याला जागा दिली, तिथे ते उभे राहिले. भिंतीला लागले नाही.” मग ते उठले, खुर्ची पुन्हा मागे जागेवर नेऊन ठेवली आणि दोन वाजता शांत झोपले. घोरण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मी जागाच होतो. एकेका गेटची त्रिज्या पुन्हा 18 करत होतो.

सकाळी कीबोर्डवर वहीचे एक पान फाडून, नीट घडी घालून ठेवलेले सापडले. त्यावर समास होता, क्रमांक होते आणि चार आक्षेप होते: जागेची खातरजमा न करता विमान आत घातले, तीनशे अस्तित्वहीन उतारूंपोटी इंधन खर्ची टाकले, अभिलेखात मंजुरीविना फेरफार केला, आणि विचारणा झाल्यावर दुसऱ्याच विमानांचे दाखले देऊन विषयांतर केले. त्याखाली ‘संबंधितांचा खुलासा’ असे लिहून जागा सोडलेली होती. मी पट्टी घेऊन मोजली. ती दीड ओळ भरली. माझा खुलासा एवढ्यात मावणे कोणत्याही अक्षराखाली शक्य नव्हते, म्हणून मी पान उलटले. मागे वरच्याच कोपऱ्यात, त्याच सुवाच्य हस्ताक्षरात, लिहिलेले होते: ‘या बाजूस लिहू नये.’